सातचे माप

सकाळची पूजा आटोपून वीरभद्रप्पा सोप्यात खुर्ची टाकून बसले होते. शिवम्माने चहा आणून दिला. कप हातात घेताना तिच्या कपाळाकडे त्यांचे लक्ष गेले आणि त्यांनी सहज विचारले, "आज कुंकू लावायचं विसरलीस काय?"

शिवम्मा जागच्या जागी थांबली. "लावलंय की," ती म्हणाली. "अंघोळ झाली तेव्हाच लावलंय. सकाळच्या पारी असलं अभद्र काय विचारता री?" हा कानडी आदराचा 'री' तिने अक्कलकोटच्या माहेराहून आणला होता, आणि छत्तीस वर्षांच्या संसारात तो झिजला नव्हता. वीरभद्रप्पांनी पुन्हा पाहिले. विभूतीचे तीन पट्टे स्वच्छ दिसत होते. त्यांच्या खाली, दोन भुवयांच्या मधोमध, वाळलेल्या चिंचेच्या सालीसारखा एक तपकिरी डाग होता. तो कातडीचा होता की कुंकवाचा, हे सांगता येत नव्हते. मग स्वयंपाकघरात काही उतू गेल्याचा आवाज आला, ती वळली, आणि त्यांची नजर दाराच्या चौकटीवर असतानाच नजरेच्या कडेला तो डाग एकदम पेटला. लालभडक. त्यांनी झटकन डोळे तिकडे वळवले, तसा तो विझला.

चष्मा पुसायला झाला आहे, असे काहीतरी ते पुटपुटले. चष्मा त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलाही. चहा मात्र कपात तसाच निवत राहिला. वीरभद्रप्पा हे भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात डाइंग मास्तर होते. एकोणतीस वर्षे त्यांनी सूत रंगवून घेतले होते, आणि त्याहीपेक्षा, रंगलेले सूत पाहिले होते. रंग कोणीही ढवळेल. रंग नमुन्याबरहुकूम उतरला आहे की नाही हे सांगणारा डोळा मात्र कारखान्यात एकच होता. मालकांच्या दोन पिढ्यांनी त्या डोळ्याला पगार दिला होता. भिंतीवर कॅलेंडर होते. ते उठून त्याच्या समोर उभे राहिले. आकड्यांच्या त्या चौकोनात रविवार शोधावे लागले. रविवार इतर वारांसारखेच मळकट दिसत होते. खालच्या जाहिरातीतला निळा मात्र निळाच होता, हिरवा थोडा राखट. जे गेले होते ते लाल गेले होते, तेही सरळ पाहिले की. मान किंचित वळवून, चोरासारखे कडेने पाहिले, की रविवार एकेक करून उगवत.

मुंबईच्या टेक्निकल संस्थेत चार वर्षे काढलेल्या माणसाला एक सवय लागते. भीती वाटली की तो कारणांची यादी करतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण नंबर वाढल्यावर अक्षर पुसट होते, रंग जात नाही. मोतीबिंदू असेल, पण त्यात सगळेच धुरकटते, एकट्या लालाशी त्याचे वैर नसते. प्रकाश कमी असेल. पण सोपा पूर्वेचा होता आणि मार्च महिन्यातले सोलापूरचे ऊन उंबऱ्यावर येऊन बसले होते. चौथे कारण त्यांनी यादीत घेतले नाही. ते आपोआपच यादीच्या कडेला येऊन उभे राहिले, आणि सरळ पाहिले की दिसेनासे झाले.

कारखान्यात पोहोचल्यावर ते नेहमीप्रमाणे उत्तरेकडच्या खिडकीच्या खोलीत गेले. रंग पाहायचा तो उत्तरेच्या उजेडात, कारण त्या उजेडात सूर्य लुडबूड करत नाही. हे त्यांनी कामावर आलेल्या प्रत्येक माणसाला शिकवले होते. टेबलावर नॅप्थॉलच्या पक्क्या लालात रंगवलेल्या सुताची लडी पडली होती, शेजारी नमुन्याची लडी. रात्रपाळीचा लॉट. मुकादम बिरप्पा दाराला टेकून उभा होता. हा सांगोल्याकडचा धनगर, वीस वर्षांपूर्वी मेंढरं सोडून रंगाच्या हौदावर आला आणि हात कोपरापर्यंत रंगवून बसला. वीरभद्रप्पांनी दोन्ही लड्या उचलल्या. दोन्ही विटकरी दिसल्या, भाजून ठेवलेल्या मातीसारख्या. त्यांनी त्या जवळ आणल्या, दूर नेल्या, आणि अखेर तो मघाचा चोरटा उपाय केला: नजर खिडकीच्या गजावर ठेवून कडेने पाहिले. लाल उगवला खरा, पण कडेने पाहिलेल्या लालाला खोली नसते, तो नुसता ओरडतो. त्यात निळसर झाक किती आणि पिवळसर किती हे त्यातून वाचता येत नाही. "ठीक आहे," ते म्हणाले. "पास कर."

बिरप्पा हलला नाही.

"मास्तर, ह्यो रगतावानी झालाय की. नमुना बगा, आन् ह्यो बगा. आमच्या बजाबाईला दावला तरी ती न्हाय म्हनंल, आन् तिला तर एका डोळ्यानं दिसतंय. तुमी पास म्हंताय व्हय?"

बजाबाई त्याची म्हातारी आई. थट्टाच होती, एरवी वीरभद्रप्पा हसून त्याला शिवी घालत. आज त्यांना हसता आले नाही. बिरप्पाचे हसूही अर्ध्यात राहिले, आणि तो त्यांच्या तोंडाकडे अशा रीतीने पाहू लागला, जणू त्यांनाच कोणीतरी उत्तरेच्या उजेडात धरले आहे. ते पाहणे वीरभद्रप्पांच्या ओळखीचे होते. आठ वर्षांपूर्वी याच दारात बिरप्पा असाच उभा होता, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचा चुलतभाऊ सिद्धनाथ. सिद्धनाथने कोणाकडून तरी पॉलिशचे स्पिरिट मिळवून लिंबू पिळून घेतले होते. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला आणि म्हणाला, खात्यात धूर लई झालाय. धूर नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याला दिवस आणि रात्र यांतला फरक कळेना. हे सगळे आठवताना वीरभद्रप्पांना आजही सगळ्यात जास्त जे बोचत असे ते सिद्धनाथचे डोळे नव्हेत. त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी स्वतः पाळी सुटल्यावर कामगारांपुढे दिलेले भाषण होते. लाकडी खोक्यावर उभे राहून त्यांनी समजावून सांगितले होते की स्पिरिटात विषारी अंश असतो, तो डोळ्याच्या नसेवर जातो. प्यायचीच असेल तर शुद्ध प्यावी, परवान्याची प्यावी, आणि मापात प्यावी. शिकलेल्या माणसाचे भाषण होते ते. कामगारांनी मान डोलावली होती. त्याच दिवशी सातला वीरभद्रप्पांनी माडीवरच्या खोलीत काचेची मापनळी डोळ्याच्या रेषेत धरली होती, आणि द्रवाची पातळी नव्वदच्या रेघेला टेकल्यावर समाधानाने पेल्यात ओतली होती.

मापनळी प्रयोगशाळेतलीच होती, कडेचा टवका उडाल्याने बाद केलेली. अकरा वर्षांपूर्वी झोप येत नाही म्हणून ते एका डॉक्टरांकडे गेले होते. मुलीचे लग्न नुकतेच झाले होते, घर मोठे वाटू लागले होते, हौदांच्या वाफेने दिवसभर भाजलेले अंग रात्री निवत नव्हते. त्या डॉक्टरांनी औषधापुरती थोडी ब्रँडी घ्यायला सांगितले आणि परवान्यासाठी दाखला दिला. परवान्यावर छापलेच होते की हे प्रकृतीसाठी. सरकारने शिक्का मारून ज्याला औषध म्हटले त्याची लाज कशाला बाळगायची, असे त्यांनी स्वतःला विचारले होते. आणि तरी बाटली घरी आणताना ती रंगांच्या डब्यांच्या पिशवीतूनच आणली होती. पहिली तीन वर्षे साठ मिलिलिटर. मग हिवाळ्यात एकदा सर्दी झाली आणि नव्वद; सर्दी गेली, नव्वद राहिले. दुष्काळाच्या साली कारखान्यात पाण्याची टंचाई झाली, लॉट बिघडू लागले, मालकांची बोलणी खावी लागली, तेव्हा एकशे वीस. गेल्या दिवाळीपासून एकशे ऐंशी. प्रत्येक वाढीला कारण होते. आणि एकदाही, अकरा वर्षांत एकदाही, त्यांनी बाटलीतून थेट पेल्यात ओतली नव्हती. हा त्यांचा अभिमान होता. दारुडा तो, ज्याला आपण किती प्यालो हे माहीत नसते. त्यांना ते शेवटच्या थेंबापर्यंत माहीत होते.

"लॉट थांबव उद्यापर्यंत," ते बिरप्पाला म्हणाले. बिरप्पाने लड्या उचलल्या. जाताजाता, पाठमोरा असतानाच, तो म्हणाला, "अण्णाराव डाक्तराकडं जाऊन या, मास्तर. सिद्या तीन दिस थांबला हुता."

अण्णाराव डॉक्टरांचा डोळ्यांचा दवाखाना स्टेशनच्या रस्त्याला होता. दुपारी बाराला वीरभद्रप्पा तिथे बाकावर बसले तेव्हा त्यांच्या हातात खुर्चीच्या दांडीइतकेही काही धरायला नव्हते, म्हणून त्यांनी एका हाताने दुसरा धरला. हात सकाळी थोडे कापत. वयाने, असे त्यांनी ठरवले होते. पूजेच्या वेळी डाव्या तळहातावर गळ्यातले लिंग घेतले की ते त्या बारीक थरथरीने हलताना दिसे, आणि वर्षभर ते आधी मनगट मांडीवर टेकून मग लिंग हातावर घेत होते. या उपायाला त्यांनी वय हेच नाव दिले होते. बाकावर बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आले की सातनंतर ते वय नाहीसे होते. पहिला घोट गेल्यावर हात दगडासारखे स्थिर होतात. वय असे घड्याळ पाहून येत-जात नाही. हे त्यांना वर्षभर कळत होते काय? कडेने कळत होते. सरळ पाहिले की विझत होते.

डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यांच्या डोळ्यांत उजेड टाकला, मग ठिपक्याठिपक्यांचे पुस्तक पुढे धरले. रंगांच्या माणसाला रंगांची परीक्षा! वीरभद्रप्पा ओशाळून हसले, आणि तिसऱ्या पानावर त्यांचे हसू गेले. ठिपके होते, आकडा नव्हता. चौथ्या पानावरही नव्हता. मान वळवून कडेने पाहण्याचा प्रयत्न करताच डॉक्टरांनी बोटाने हनुवटी सरळ केली. मग त्यांनी काळ्या पडद्यासमोर एक टाचणी धरली, तिच्या टोकाला मणी होता, आणि ती कडेकडून हळूहळू मध्ये आणू लागले. रंग सांगा. लाल, वीरभद्रप्पा म्हणाले. लाल. लाल. मणी मध्यभागी आला. तो तिथेच होता, हलत होता, त्याचा आकार दिसत होता. त्याचा जीव कोणीतरी काढून घेतला होता. "सांगा," डॉक्टर म्हणाले. लहानपणी काठावरून आडात वाकून पाहताना खालचे पाणी अचानक दिसेनासे झाले होते, ढग आला होता इतकेच. पण तेव्हा जे वाटले होते, की पाणी आता कधीच परत येणार नाही, ते आत्ता वाटले. ते म्हणाले, "मातीचा."

त्यानंतरचे प्रश्न डॉक्टरांनी दिवा लावून विचारले. तंबाखू? पेल्याबरोबर दोन चिरूट. दारू? रोज.

"मापात," वीरभद्रप्पांनी घाईने जोडले.

"माप नंतर विचारतो. घेतल्यावर जेवता का?"

"नाही." आणि इथे त्यांचा आवाज जरा वर आला, कारण हे एक तरी उत्तर त्यांच्या बाजूचे होते. "अन्न लिंगाला दाखवून मग मुखात घ्यायचं, हे तुम्हालाही माहीत आहे, डॉक्टर. त्या तोंडाने प्रसाद कसा घेऊ? घेतली की त्या रात्री अन्न नाही. अकरा वर्षांत हा नेम मोडलेला नाही."

अण्णाराव डॉक्टर त्यांच्याच समाजातले होते. त्यांच्याही सदऱ्याखाली लिंग बांधलेला शिवदोरा होता. हातातली टाचणी त्यांनी डबीत ठेवली, डबी बंद केली. मग सावकाश, एखाद्याच्या घरी वाईट बातमी नेलेल्या माणसाने आधी पाणी मागावे तसे, त्यांनी दुपारच्या डब्याची चौकशी केली. डबा एक भाकरी, तीही तंबाखूने भूक मेल्यावर अर्धी परत जाई. दूध? नाही. भाजीपाला? बेताचा. डॉक्टरांनी त्यांना आडवे करून उजव्या बरगडीखाली बोटे दाबली आणि तिथे यकृताची जी कड लागायला नको ती लागते असे सांगितले.

"तुम्ही देवाचा मान राखलात, मास्तर. पण डोळ्याच्या नसेला जे लागतं ते अन्नातूनच जातं. दारूनं ते रोज थोडं जाळलं, आणि तुम्ही वरून घातलंच नाही. नेम मोडला असता तर कदाचित आज हितं नसता आलात."

पुढचे बोलणे वीरभद्रप्पांनी ऐकले, पण एखाद्या लांबच्या खात्यात यंत्रे चालू असावीत तसे. डॉक्टर सांगत होते की बाटली शुद्ध असली म्हणजे दारू निरुपद्रवी होत नाही. शुद्ध दारू तेच काम करते, फक्त सावकाश. ज्याला घ्यायचीच आहे त्याने ती थोडी घ्यावी, भरल्या पोटी घ्यावी, पाणी घालून सावकाश घ्यावी, आणि आठवड्यातले बरेच दिवस कोरडे जाऊ द्यावेत. झोपेसाठी घेऊ नये, सर्दीसाठी घेऊ नये, आणि औषध म्हणून तर कधीच घेऊ नये, कारण औषधाचे माप वाढवताना माणसाला अपराधी वाटत नाही. वीरभद्रप्पांना बिरप्पा आठवला. सोमवारी बाजाराच्या दिवशी मटणाबरोबर दोन पेले, वर तीन भाकरी, आणि मग आठवडाभर नाव नाही. त्या अडाण्याला ते खोक्यावर उभे राहून शिकवत होते.

"तुमच्यासाठी मात्र यातलं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचं माप आता शून्य. चिरूटसुद्धा."

"परत दिसेल?"

"सुया देतो. अन्न घ्या. महिना, दोन महिने. येईल असं मला वाटतं. हमी मागू नका."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली जिच्यासाठी वीरभद्रप्पा तयार नव्हते. अकरा वर्षांची रोजची दारू एका दिवसात तोडली की पहिले तीन-चार दिवस शरीर बंड करते. हात कापतात, घाम फुटतो, कोणाला भिंतीवर नसलेले दिसते, कोणाला झटका येतो. तेव्हा आज घरी सांगायचे. जवळ बसणारे माणूस हवे, आणि त्याला आपण कशासाठी बसलो आहोत हे माहीत हवे. काही वेगळे दिसले तर त्याने लगेच मोठ्या दवाखान्यात हलवायचे. घरी कोण असते?

बायको, वीरभद्रप्पा म्हणाले.

दवाखान्यातून ते कारखान्यात परतले नाहीत. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठाने ते उगाच चालत राहिले. ऊन पाठीवर दगडासारखे ठेवले होते. डोळे गेल्याची भीती सकाळपासून एकटीच होती. आता तिच्याजवळ दुसरी येऊन बसली आणि पहिलीला तिने लहान करून टाकले. शिवम्माला काय सांगायचे? अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तिला सांगितले होते की मठात गुरूंपुढे शब्द दिला आहे, रात्रीचे अन्न वर्ज्य, आणि सातनंतर माडीवर एकांतात बसणार. व्रत. तिने हात जोडले होते. ते खोटे बोलताना त्यांना फारसे जड गेले नव्हते, कारण त्यातला निम्मा भाग खरा होता: अन्न खरोखरच वर्ज्य होते, एकांत खरोखरच होता. पुढेपुढे तर माडीचा जिना चढताना त्यांना स्वतःलाही एखाद्या व्रताला चालल्यासारखेच वाटे. खाली ती शांत असे. कधी भांडे वाजले नाही, कधी कोणाला तिने वर येऊ दिले नाही. व्रतस्थाच्या दाराशी ती राखण बसली होती, आणि दाराआड मापनळी होती. हे सगळे न सांगता निभेल काय? आजारपणाचे दुसरे नाव सांगता येईल: ताप, अशक्तपणा. पण भिंतीवर नसलेले दिसू लागले तर ताप म्हणून ती काय करील? कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवील, विभूती लावील, आणि दवाखान्यात न्यायची वेळ तिच्या डोळ्यांदेखत निघून जाईल. न सांगण्याने माणूस मरू शकतो, हे इतक्या स्वच्छ गणिताने त्यांना कधी कळले नव्हते. आणि तरीही पाऊल घराकडे वळत नव्हते. परवाना खिशात होता. स्टेशनजवळचे दुकान उघडे होते. फक्त आजचा दिवस, आणि उद्यापासून... हे वाक्य मनात पुरे होण्याआधीच त्यांना ते ओळखू आले. साठाचे नव्वद करतानाही ते याच वाक्यावरून चालत गेले होते.

घरी पोहोचले तेव्हा सातला पाच कमी होते. पाय सवयीने जिन्याकडे गेले, पहिल्या पायरीवर चढलेसुद्धा. तिथून ते परत उतरले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. शिवम्मा खिडकीखाली वाती वळत बसली होती. त्यांना तिथे पाहून ती चटकन उठली. या वेळी या दारात ते अकरा वर्षांत आले नव्हते.

"जेवायला वाढ," ते म्हणाले.

तिने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिले, मग चुलीकडे. चूल थंड होती, सारवलेली, दुपारपासून न शिवलेली. परात पालथी होती. "व्रत?" तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, "काही नाही की घरात. थांबा. पीठ आहे. टाकते दोन भाकऱ्या."

"काही कसं नाही? तू काय जेवतेस?"

"मी?" प्रश्नच तिला विचित्र वाटला असावा. काडी ओढताना ती हसली, थोडी लाजून, वय विसरून. "तुम्ही वर उपाशी बसणार, आणि मी खाली बसून घास गिळणार? शोभतं काय री?"

वीरभद्रप्पा उंबऱ्यावर खाली बसले. आकड्यांची सवय असलेले त्यांचे मन त्यांनी न सांगता कामाला लागले आणि उत्तर घेऊनच परतले. चार हजार रात्री. दोन पोटे. चुलीच्या उजेडात तिचे मनगट दिसत होते. बांगड्या कोपराकडे निम्म्यापर्यंत सरकून येत होत्या. त्या पूर्वी तिथपर्यंत येत नसत. बांगड्या कोणत्या रंगाच्या होत्या ते त्यांना कळले नाही. मनगट मात्र कळले. दोन वर्षांपूर्वी ती देवघरात चक्कर येऊन पडली होती, आणि ते म्हणाले होते, उन्हाचे असेल.

तिने पीठ मळले. पहिली भाकरी थापताना तिच्या हातांचा आवाज सुरू झाला, आणि त्या आवाजाच्या आडोशाने त्यांनी सांगितले. व्रत नव्हते. गुरूंना शब्द दिला नव्हता. माडीवर दारू पीत होतो, रोज, आणि आता डोळे चालले आहेत. लाल दिसत नाही. सकाळचे तुझे कुंकू दिसले नव्हते. डॉक्टर म्हणतात आज बंद करायची, आणि तीन-चार दिवस कोणीतरी जवळ बसायला हवे. वाक्ये त्यांनी एकापाठोपाठ एक ठेवली, प्रयोगाची कृती सांगावी तशी. त्यांना दुसरी रीत येत नव्हती. थापण्याचा आवाज दुसऱ्या वाक्यालाच थांबला होता. भाकरी परातीत तशीच, अर्धी गोल.

तिने हाताचे पीठ परातीत झाडले. मग म्हणाली, "वास यायचा. रंगाचा असेल म्हटलं मी. तुमच्या अंगाला जन्मभर कसला ना कसला वास." आणि पुढे म्हणाली, "मठात सगळ्यांना सांगितलंय मी. तिथली गुरम्मा आपल्या सुनांना सांगती, शिकावं तर शिवम्माच्या घरात."

त्यांनी मान खाली घातली. ती ओरडेल, रडेल, माहेरचे नाव काढील, या सगळ्याची त्यांनी तळ्याकाठी तयारी केली होती. तिने भाकरी पुरी थापली. तव्यावर टाकली, पाणी फिरवले, उलटली, निखाऱ्यावर फुगवली. दोन झाल्या. एक पितळी ताटली घेऊन तिने तीवर भाकरी ठेवली, शेंगाची चटणी, तेलाची धार. वीरभद्रप्पांनी हात पुढे केला नाही, आणि बरे झाले, कारण ताटली तिने त्यांच्यापुढे ठेवलीच नाही. गळ्यातले लिंग डाव्या हातावर घेऊन तिने डोळे मिटले, घास दाखवला, आणि ती जेवू लागली. नवऱ्याच्या आधी, नवऱ्यासमोर, त्याच्याकडे न पाहता. पहिला घास तिला गिळवेना; त्या वेळी खाण्याची तिच्या घशाला सवय उरली नव्हती. तिने पाणी घेतले आणि दुसरा मोडला. घाई नव्हती, राग दिसत नव्हता. एक अख्खी भाकरी तिने संपवली, चटणी बोटाने पुसून घेतली.

बाहेर पुरता अंधार पडला होता. सात केव्हाच वाजून गेले होते आणि वीरभद्रप्पांच्या शरीराला ते कळले होते. मानेवर घाम फुटला होता. हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते, पण आता मांड्याच हलू लागल्या होत्या. भिंतीकडे पाहायचे त्यांनी टाळले होते. तिथे काही दिसले तर ते खरेच आहे की नाही हे त्यांना एकट्याला ठरवता येणार नव्हते. ती उठून निघून गेली, शेजारच्या खोलीत जाऊन कडी लावून घेतली, तर तो तिचा हक्क आहे, हे ते स्वतःला समजावत होते, आणि ती उठेल म्हणून त्यांचे सगळे अंग कान होऊन बसले होते.

ती उठली. हात धुतला. दुसरी भाकरी ताटलीत आणि चहाचे उरलेले दूध वाटीत घेऊन ती त्यांच्यासमोर उंबऱ्याशी येऊन बसली.

"हात काढा बाहेर," ती म्हणाली.

त्यांनी काढले. ती त्या हातांकडे पाहत राहिली, बाजारात घ्यायच्या वस्तूकडे पाहावे तशी, नीट, वेळ घेऊन. अकरा वर्षे जे तिच्यापासून लपवले होते ते आता तिच्यासमोर उघड्यावर थरथरत होते.

"डॉक्टर काय म्हणाले, ते सगळं पहिल्यापासून सांगा. काय झालं की काय करायचं. कुठल्या दवाखान्यात न्यायचं, आणि रिक्षा कुठं मिळंल. मला न कळणारं काही बोलू नका." तिने भाकरीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला. "बाकीचं मी नंतर विचारणार आहे. आधी चार दिवस जाऊ देत."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. दात वाजत होते, शब्द मध्येच तुटत होते. ती प्रत्येक वेळी थांबवून तो शब्द पुन्हा म्हणवून घेत होती. झटका म्हणजे कसा, हे तिने दोनदा विचारले.